शिळा नमुना

माझा स्वभाव संशयी आहे असं आमच्या घरातलं कोणीही सांगेल. दूधवाल्याच्या देखत मी दुधाचा वास घेते. भाजीवाल्याचा काटा रिकामा असताना कुठे झुकतो ते आधी बघते. मुलगा ‘पोचलो’ म्हणून फोन करतो तेव्हा मागचे आवाज ऐकून तो खरंच पोचला का याचा अंदाज घेते. लग्न होऊन आले तेव्हा मी अशी नव्हते. परभणीतल्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढली, तिथे ही खोड लागली. आणि खरं सांगायचं तर पगार मला त्या खोडीचाच मिळत होता.

लोकांना वाटतं, लॅबवाल्यांचं काम म्हणजे रक्त काढायचं, मशीनला द्यायचं आणि आकडा लिहायचा. आकडा मशीनच देतं हो. त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवणं आमचं काम. बाटलीवर नाव एकाचं आणि आत रक्त दुसऱ्याचं, असं होऊ शकतं. सलाईन चालू असलेल्या हातातूनच कोणीतरी घाईत रक्त ओढलेलं असतं. नमुना तासभर खिडकीत पडलेला असतो आणि आणणारा शपथेवर सांगतो की आत्ताच घेतला.

संशय दोन्ही बाजूंनी असायचा. ‘एवढं रक्त काढून कुठं विकता?’ असं तोंडावर विचारणारे होते. हात पुढे करण्याआधी माझं आडनाव विचारणारेही होते. ‘वाघमारे’ म्हटल्यावर एकदोघांनी वर केलेली बाही परत खाली केली. ‘दुसरं कोणी न्हाई का?’ मी म्हणायची, आहे की, पण त्यांना शीर सापडायला तीनदा टोचावं लागतं. मग बाही मुकाट्याने वर जायची.

शेवटची काही वर्षं आयसीयूशेजारच्या छोट्या खोलीतलं ब्लड गॅसचं मशीन माझ्या ताब्यात होतं. हे मशीन मनगटाच्या धमनीतलं रक्त मागतं. धमनीतलं रक्त डॉक्टर काढत आणि सिरिंज पळतपळत माझ्याकडे यायची. पळत अशासाठी, की सिरिंजमध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तरी आकडे फिरतात आणि बर्फाशिवाय वेळ गेला तरी फिरतात. दोन-तीन मिनिटांत मशीन सांगतं की माणसाचं रक्त आंबट होतंय की खारट.

आंबट-खारट हे माझे शब्द, डॉक्टर आम्ल आणि अल्कली म्हणतात. आपण जगतो, चालतो, भाकरी पचवतो, त्यात शरीर अखंड आम्ल तयार करत असतं. तरीही रक्ताचा पीएच नावाचा आकडा ७.३५ आणि ७.४५ यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतच राहावा लागतो. सातच्या खाली घसरला तर माणूस फार काळ टिकत नाही. म्हणून शरीराने तीन पहारेकरी ठेवलेत. पहिला रक्तातच असतो. आपल्या खायच्या सोड्याचाच हा भाऊ, आलेलं आम्ल तिथल्या तिथे मारतो. दुसरा श्वास. रक्त आंबट व्हायला लागलं की माणूस नकळत भराभर श्वास घेतो आणि आम्लाचा काही भाग कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर जातो. हे मिनिटांत होतं. तिसरं मूत्रपिंड. त्याचं काम संथ, दिवस-दोन दिवस घेणारं, पण खरी घाण तेच काढतं. उरलेलं आम्ल लघवीतून बाहेर टाकतं आणि संपलेला सोडा नवा करून रक्ताला देतं. म्हणून धडधाकट माणसाची लघवी सहसा आंबट असते, आणि रक्त आंबट झालं की ती आणखी आंबट व्हायला पाहिजे.

एकदा ‘अल्कलाइन पाणी’ विकणारे एक गृहस्थ लॅबमध्ये आले. त्यांच्या पाण्याने रक्तातलं आम्ल नष्ट होतं असं मी लिहून द्यावं, अशी त्यांची इच्छा होती. मी म्हटलं, पोटात मुळातच आम्ल आहे, तुमचं पाणी तिथेच संपतं, आणि रक्ताची पट्टी लिंबाने ढळत नाही तशी तुमच्या पाण्यानेही ढळत नाही. त्यांनी माझ्या मशीनकडे संशयाने बघितलं आणि म्हणाले, ‘मग तुमचं मशीन बिघडलं असेल.’ आयुष्यात माझ्यापेक्षा संशयी माणूस मला तो एकच भेटला.

पण मी सांगायला बसले आहे सविताचं.

सविता जिंतूरकडच्या एका खेड्यातली सून. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, बारावी झालेली, एका मुलीची आई. नवरा ज्ञानोबा, कापूस-सोयाबीन करणारा, अबोल माणूस. पहिल्यांदा तिला आणलं ते गौरीच्या सणाच्या आदल्या दिवशी. सकाळी उठायला गेली तर पाय हलेनात. मी शिरेतलं रक्त काढायला वॉर्डात गेले तेव्हा उशाशी तिची सासू कौसाबाई उभी होती. धिप्पाड, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी न विचारताच तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘बाई, हिला काई झालं न्हाई. काम दिसलं की हिचे पाय जातेत. गेल्या साली पोळ्याला बी असंच. आन् रडती ते बी खोटंच. बघा तुमी, डोळ्यातून टिपूस येत न्हाई.’

मी बघितलं. सविता हुंदके देत होती आणि डोळे कोरडे होते. मला काय वाटलं ते लपवत नाही. मला वाटलं, सासू खरं बोलतेय. सणाच्या तोंडावर पाय गेलेल्या बायका मी आधीही पाहिल्या होत्या, आणि त्यातल्या काहींना खरं तर माहेरी जायचं होतं.

रिपोर्टमध्ये पोटॅशियम बरंच कमी निघालं. पोटॅशियम कमी झालं की स्नायूंतली ताकद जाते, म्हणजे पाय गेले त्याला कारण होतं. त्या दिवशीच्या डॉक्टरांनी ब्लड गॅस आणि लघवीही तपासायला पाठवली. रक्ताचा पीएच ७.३० आला, थोडं आंबट. आणि लघवीचा? सात. रक्त आंबट असताना लघवीत आम्लाचं नावही नाही. हे काही जुळत नव्हतं.

न जुळणारं काही दिसलं की माझा संशय आधी माणसांवर जायचा. लघवी जास्त वेळ पडून राहिली की तिच्यात जंतू वाढतात आणि तिचा आंबटपणा जातो, हे लॅबमधल्या प्रत्येकाला माहीत असतं. नमुने आणण्याचं काम लक्ष्मणमामांचं. निवृत्तीला आलेले वॉर्डातले शिपाई, मध्येच तंबाखू मळायला थांबायची सवय. मी त्यांना बोलावून झापलं. बाटली कुठे ठेवली होती, किती वेळ ठेवली होती?

मामा म्हणाले, ‘बाई, आत्ता भरून दिलीय सिस्टरनं. हात लावून बघा, गरम हाय.’

मी हात लावला नाही. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे लिहिलं, ‘नमुना शिळा. पुन्हा पाठवावा.’ पुन्हा कोणी पाठवला नाही आणि मीही मागितला नाही. पोटॅशियमच्या सलाईनने सविता दोन दिवसांत उठून चालायला लागली. कौसाबाईला तर पुरावाच मिळाला. सलाईन लावलं की हिचे पाय येतात, म्हणजे गेलेच नव्हते. तिसऱ्या दिवशी सगळे गावी गेले.

सहा-सात आठवड्यांनी, सोयाबीन निघून दिवाळीची साफसफाई चालू असताना, सकाळी दहाच्या सुमारास तिला परत आणलं. शेजाऱ्याच्या जीपमध्ये मागच्या सीटवर आडवी टाकून. या वेळी नुसते पाय नव्हते. हात लुळे, मान उचलत नव्हती, आवाज इतका खोल की ओठांशी कान न्यावा लागे. पाठोपाठ तिचे वडील मारोतराव पोखर्णीहून आले. दारातूनच त्यांनी सांगायला सुरुवात केली की यांनी माझ्या लेकीला फवारणीचं औषध पाजलंय. विषाचा संशय म्हटल्यावर रुग्णालयाला पोलिसांना कळवावंच लागतं. हवालदार आला, त्याने ज्ञानोबाला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसला.

कौसाबाई आयसीयूच्या दाराशी उभी होती. मी तिथून जाताना तिच्या हातांकडे बघितलं. हातांवर काय दिसणार होतं? तरी बघितलं. मागच्या खेपेला सुनेवर घेतलेला माझा संशय सहा आठवड्यांत सासूवर येऊन बसला होता.

त्या दिवशी ड्यूटीवर डॉ. सिद्दीकी होते. वयाने माझ्या मुलापेक्षा लहान, पण बोलणं कमी आणि बघणं जास्त. त्यांनी धमनीतलं रक्त काढलं, बर्फात घालून स्वतः आणून दिलं. मशीनने आकडे दिले. पीएच ७.०२. चोवीसच्या आसपास हवा तो सोडा अगदी तळाला, नऊ. आणि कार्बन डायऑक्साइड छत्तीस.

या छत्तीसबद्दल सांगायला हवं, कारण माझ्या तीस वर्षांत मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती या आकड्याची. पस्तीस ते पंचेचाळीस हा नॉर्मल. कागदावर बाकी सगळ्या आकड्यांखाली मशीनने खुणा केल्या होत्या, छत्तीसखाली नाही. पण रक्त इतकं आंबट झालेल्या माणसाने धापा टाकून हा आकडा वीस-बावीसवर आणलेला असायला हवा. तो नॉर्मल आहे याचा अर्थ तिला धापाच टाकता येत नाहीत. श्वासाचे स्नायूही चाललेत. दुसरा पहारेकरी जागेवर झोपला होता.

मी फोन केला आणि म्हटलं, ‘सर, कार्बन डायऑक्साइड नॉर्मल आलाय, म्हणून फोन केला.’ ते ‘समजलं’ म्हणाले आणि फोन ठेवला. दहा मिनिटांच्या आत सविताच्या घशात नळी आणि श्वासाला व्हेंटिलेटर होता. पोटॅशियम एक पूर्णांक सहा निघालं. एवढ्यावर हृदय कधीही थांबू शकतं. अशा वेळी रक्त आंबट दिसतंय म्हणून आधी सोडा चढवला तर उरलंसुरलं पोटॅशियमही पेशींत पळतं आणि माणूस हातचा जातो. सिद्दीकी सरांनी पोटॅशियम आधी चढवलं, सोडा मागाहून, तोही थेंबाथेंबाने.

आता प्रश्न विषाचा. बाहेरचं आम्ल किंवा आम्ल तयार करणारं विष पोटात गेलं, की रक्तातल्या क्षारांच्या वजाबाकीत एक मोकळी जागा दिसते. सोडियममधून क्लोराइड आणि सोडा वजा केले की एरवी उरतं त्यापेक्षा जास्त उरतं, म्हणजे तिथे कोणीतरी परकं बसलेलं आहे. सविताची वजाबाकी मी तीनदा केली. परकं कोणी नव्हतं. फवारणीच्या औषधाच्या दुसऱ्या खुणाही नव्हत्या, ना तोंडाला फेस, ना बाहुल्या बारीक झालेल्या. म्हणजे आम्ल घरचंच होतं, रोजचंच. ते बाहेर जात नव्हतं.

आणि तिथे मला ते रजिस्टर आठवलं. मी पान काढलं. माझंच अक्षर. ‘नमुना शिळा.’

मी कोणाला पाठवलं नाही. स्वतः गेले, लघवीच्या पिशवीच्या नळीतून ताजी लघवी सिस्टरकडून माझ्यासमोर घेतली आणि बाटली हातात धरून लॅबमध्ये आले. बाटली गरम होती. पट्टी बुडवली. पुन्हा सात. रक्त सात पूर्णांक दोन शतांशावर आणि लघवी मजेत. मूत्रपिंड आम्ल टाकतच नव्हतं. आणि आम्ल टाकता येत नसलेलं मूत्रपिंड पोटॅशियम मात्र वाहून जाऊ देतं, म्हणून पाय जात होते.

मी रजिस्टर घेऊन सिद्दीकी सरांकडे गेले आणि पान दाखवलं. त्यांनी ती ओळ वाचली आणि रजिस्टर परत माझ्या हातात दिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की या बाईचं तोंड कोरडं असतं का, घास गिळायला पाणी लागतं का, डोळे चुरचुरतात का. मी म्हटलं, ‘सर, ती रडते तेव्हा डोळ्यांतून पाणी येत नाही. सासूने मागेच सांगितलं होतं. आम्हाला वाटलं, खोटं रडते.’

मग त्यांनी कौसाबाईला आत बोलावून विचारलं. तिने सगळं सांगितलं, तक्रारीच्याच सुरात. भाकरीच्या प्रत्येक घासाला तांब्याभर पाणी पिती, तिशीच्या आत दात किडले, डोळ्यात वाळू गेल्यावानी चोळत बसती. तक्रार म्हणून जे जे वर्षभर साठवलं होतं ते एकेक करून आजाराचं लक्षण निघालं. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच काही जणांत उलटतात. आधी अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथी सुकवतात, आणि कधीकधी मूत्रपिंडालाही गाठतात. पुढे डोळ्याच्या पापणीखाली टीपकागदाची पट्टी ठेवून बघितली, ती जवळजवळ कोरडीच निघाली. बाहेरगावी पाठवलेल्या तपासण्यांनीही तेच सांगितलं.

पण हे सगळं मारोतरावांना कोण पटवणार? डॉक्टरांनी सांगितलं तर त्यांनी ऐकून घेतलं आणि व्हरांड्यात येऊन म्हणाले की रिपोर्ट काय, बदलता येतो. हवालदारही तिथून हलला नव्हता. मारोतरावांचा मला राग आला नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

मी त्यांना लॅबमध्ये नेलं. एक रिकामी बाटली हातात दिली आणि म्हटलं, ‘भाऊ, संडासात जाऊन भरून आणा.’

‘माझी? माझी कशाला?’

‘आणा तर.’

ते भरून आले. मी टेबलावर त्यांची बाटली ठेवली, शेजारी सविताची. एकाच डबीतून दोन पट्ट्या काढून त्यांच्याच हातात दिल्या. बुडवा म्हटलं. त्यांची पट्टी केशरी झाली, लेकीची हिरवी. मी समजावलं की तुमचं शरीर रोजचं आम्ल बाहेर टाकतंय, म्हणून केशरी. तिचं टाकत नाही, ते आतच साठतंय. तिला कोणी काही पाजलं नाही. ही पट्टी मी बदलली नाही, तुम्हीच बुडवली.

त्यांनी तिसरी पट्टी मागितली आणि पुन्हा लेकीच्या बाटलीत बुडवली. पुन्हा हिरवी. तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग पट्टी तिथेच ठेवून बाहेर गेले. मी दारातून बघत होते. ते बाकावर ज्ञानोबाच्या दुसऱ्या बाजूला बसले. मग म्हणाले, ‘सकाळपासून काई खाल्लं का न्हाई, जावई?’ ज्ञानोबाने नकारार्थी मान हलवली. सासऱ्याने उठून चहा आणि पारले आणले, तीन चहा, एक हवालदाराला.

चौथ्या दिवशी सविताची नळी निघाली. औषध म्हणजे काय, तर शरीर जे करत नव्हतं ते बाहेरून देणं. पोटॅशियमचं एक आंबटगोड औषध आणि सोड्याच्या गोळ्या, जन्मभर. डोळ्यांसाठी थेंब. त्या ग्रंथींच्या आजारासाठी वेगळ्या गोळ्या. दहाव्या दिवशी ती स्वतःच्या पायांनी माझ्या खोलीपर्यंत चालत आली, शेवटचा रिपोर्ट न्यायला.

तिला काही सांगायची गरज नव्हती. कोणी मला विचारलं नव्हतं. लक्ष्मणमामांना मी आदल्या दिवशी सांगितलं होतं की चूक माझी होती. ते ‘असू द्या बाई’ म्हणून तंबाखू मळत निघून गेले. त्यांना ते नीट आठवतही नव्हतं. पण सविताने विचारलं की डॉक्टर म्हणतात हे गौरीच्या वेळीच कळायला पाहिजे होतं, मग का कळलं नाही? मी तिला खुर्चीवर बसवलं आणि रजिस्टर उघडून दाखवलं. तुझा नमुना बरोबर होता, मी तो शिळा लिहिला. हात लावला असता तर कळलं असतं, मी लावला नाही.

तिने ती ओळ वाचली. मग विचारलं, ‘म्हणजे तुमाला बी वाटलं का, मी नाटक करायलीय?’

मी म्हटलं, ‘हो.’

तिने रजिस्टर मिटलं. मग म्हणाली, ‘मला बी तसंच वाटायलं होतं, बाई. सगळेच म्हणायले तर खरंच असंल. सकाळी पडून पायाला म्हणायची, ऊठ. उठायचा न्हाई. मंग वाटायचं, माझ्याच मनात न्हाई उठायचं. मीच खोटी हाय.’

तीस वर्षं मी रक्तावर, बाटल्यांवर, शिपायांवर, सासवांवर, सुनांवर संशय घेतला. त्यातले बरेच संशय कामी आले, काही माणसं त्यामुळे वाचली, हे मी मान खाली न घालता सांगेन. पण संशय घेता घेता तो समोरच्या माणसाच्या आत जाऊन बसतो, आणि ते माणूस स्वतःलाच विचारायला लागतं, हे कोणत्या मशीनमध्ये दिसणार होतं?

सविताने नवा रिपोर्ट समोर ठेवला. जुनाही मागितला, ७.०२वाला. मी त्याची प्रत काढून दिली. ती दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत होती. मग म्हणाली, ‘यातला कोणता आकडा म्हणतो, मी खोटी न्हवते?’

मी जुन्या कागदावरच्या, लघवीच्या पीएचच्या सातवर बोट ठेवलं.

तिने माझ्याकडे पेन मागितलं आणि त्या सातभोवती गोल काढला. मग दाराकडे वळून सासूला हाक मारली. कौसाबाई आत आली. तिला वाचता येत नव्हतं. सविताने तिचा हात धरला, तिचं बोट त्या गोलात टेकवलं आणि म्हणाली, ‘आत्याबाई, हे.’

कौसाबाई कागदावर वाकली. वाकून बघत राहिली.

‘लय बारीक लिवलंय की,’ ती म्हणाली. पण बोट काही तिने उचललं नाही.